रंग शून्यावर आणा, मग टीव्ही पारखा

जुना रंगीत टीव्ही चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर आधी रंगाचं बटण पूर्ण खाली आणा. चित्र कृष्णधवल होऊ द्या आणि मग पडद्याकडे नीट बघा. करडा भाग करडाच दिसतो, की त्यात कुठे हिरवट, कुठे लालसर झाक आहे? सावलीतला करडा आणि उजेडातला करडा एकाच जातीचे वाटतात, की सावली तपकिरी आणि उजेड निळा? याचं उत्तर मिळेपर्यंत रंगांबद्दल मत देण्याची घाई करू नये.

रंगीत टीव्हीच्या काचेमागे पांढरा रंग कुठेच नसतो. तिथे लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश असतात आणि ते ठरावीक प्रमाणात मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं. हे प्रमाण बिघडलं की पांढऱ्यावर जी झाक येते तीच चेहऱ्यावर, झाडांवर, आकाशावर, सगळीकडे येते. रंग चढवलेले असताना ती लपते आणि आपण म्हणतो, वा, काय गडद रंग आहेत! रंग उतरवले की ती लगेच उघडी पडते.

इंदूरला रामबागेत जुने टीव्ही अजून हौसेने दुरुस्त करणारे एक काका आहेत. “काका, या सेटवर रंग जरा फिके वाटतात हो,” असं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. “आधी रंग घालव. पांढरं पांढरं दिसतंय का ते बघ, मग रंगाचं बोलू.” या विषयातलं निम्मं शहाणपण त्यांच्या या दोन वाक्यांत आहे. उरलेलं निम्मं जरा विस्ताराने सांगावं लागेल.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत जुन्या टीव्हींवरून अजून वाद होतात. कुणाच्या मामांनी मस्कतहून आणलेला सोनी, कुणाच्या आजोबांनी जेल रोडवरून घेतलेला ओनिडा, कुणाचा बीपीएल, कुणाचा व्हिडिओकॉन. प्रत्येकाला आपल्याच घरातलं चित्र सर्वांत सुंदर आठवतं. आठवणीतल्या चित्राशी कोण वाद घालणार? पण यातले काही संच माळ्यावर अजून धडधाकट आहेत. ते खाली काढून शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि तेव्हा नेमकं काय बघायचं ते कळलेलं असावं.

नळीच्या आत

पिक्चर ट्यूबच्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात. मानेपासून पडद्यापर्यंत सुमारे २५,००० व्होल्टचा ताण दिलेला असतो. त्या ताणाने इलेक्ट्रॉन वेगाने पुढे खेचले जातात, मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या चुंबकत्वाने ते डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळवले जातात, आणि काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरवर आदळले की तिथे प्रकाश पडतो. इलेक्ट्रॉनला वेग द्यायचा आणि चुंबकाने वळवायचं, हेच काम आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या मोठ्या कणत्वरकात चालतं. तिथे ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते, म्हणजे टीव्हीच्या नळीच्या सुमारे एक लाख पट. प्रमाण वेगळं, तत्त्व एकच. घराघरांत एक छोटा कणत्वरक चालू होता याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे इलेक्ट्रॉन पडद्यावर रेघा ओढतात. भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेघा असतात, त्यांतल्या ५७६ चित्रासाठी वापरल्या जातात, आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं होतात. गुणाकार केला तर सेकंदाला १५,६२५ रेघा. लहानपणी टीव्ही चालू केल्यावर जी बारीक ‘ची’ अशी शीळ ऐकू यायची ती याच १५,६२५ हर्ट्झची. वयाबरोबर बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं, म्हणून ती नातवाला ऐकू यायची आणि आजोबांना नाही.

आता खरा कळीचा भाग. तीन गनपैकी लालचा झोत फक्त लाल फॉस्फरवरच पडला पाहिजे, हिरव्याचा हिरव्यावर, निळ्याचा निळ्यावर. त्यासाठी पडद्याच्या थोडं मागे धातूची पातळ जाळी असते, तिला शॅडो मास्क म्हणतात. तिच्या लाखो भोकांपैकी प्रत्येक भोकात तिन्ही झोत वेगवेगळ्या कोनांतून शिरतात, त्यामुळे पलीकडे तीन वेगळ्या जागी पडतात. युक्ती बिनतोड आहे, पण तिची किंमत मोठी आहे. सुमारे चार पंचमांश इलेक्ट्रॉन जाळीवरच अडतात आणि त्यांची नुसती उष्णता होते. त्यामुळे सुरुवातीचे रंगीत टीव्ही अंधुक होते.

अमेरिकेत एनटीएससी ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धत डिसेंबर १९५३ मध्ये मंजूर झाली आणि १९५४ साली आरसीए कंपनीचा सीटी-१०० हा संच बाजारात आला. नळी १५ इंची, किंमत १,००० डॉलर. त्यात तीन गन त्रिकोणात बसवलेल्या असत. तिन्ही झोत पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात एकाच जागी आणणं हे मेकॅनिकचं दिवसभराचं काम होतं, आणि ते चुकलं की पांढऱ्या अक्षराच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळी किनार दिसायची. १९६६ साली जनरल इलेक्ट्रिकने तिन्ही गन एका आडव्या ओळीत बसवलेला छोटा संच विकायला काढला, आणि १९७२ पासून आरसीएने ही रचना इतकी नीट बसवली की झोत जुळवण्याचं बरंचसं काम कारखान्यातच होऊ लागलं. सोनीने १९६८ साली ट्रिनिट्रॉन आणला. त्यात भोकांच्या जाळीऐवजी वरून खाली ताणलेल्या बारीक उभ्या पट्ट्या, आणि तिन्ही झोतांसाठी मिळून एकच मोठं भिंग. पट्ट्यांमधून इलेक्ट्रॉन जास्त पलीकडे जातात म्हणून चित्र उजळ, आणि भिंग मोठं म्हणून रेघ बारीक.

भारतात रंगीत दूरदर्शन आलं १९८२ साली. १५ ऑगस्टचा लाल किल्ल्यावरचा सोहळा रंगात दिसला, आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाड खेळांनी लोकांना रंगीत संच घ्यायला लावले. आपण उशिरा आलो, पण त्याचा एक फायदा झाला आणि तो कुणी फारसा सांगत नाही. त्रिकोणी गन, अंधुक फॉस्फर, डझनभर खुंट्या पिळून झोत जुळवणं, हे सगळं आपल्याला वगळता आलं. इंदूरच्या घरात आलेला पहिला रंगीत संच ओळीतल्या गनचा, तयार तंत्राचा होता. म्हणून अमेरिकेतले संग्राहक जुन्या रंगीत टीव्हींच्या चित्राबद्दल जे बोलतात ते आपल्या संचांना जसंच्या तसं लावू नये. त्यांचा ‘जुना’ १९५४ पासूनचा, आपला १९८२ पासूनचा. मधली २८ वर्षं फार घडामोडींची होती.

पांढरा कोणता खरा?

पांढऱ्यालाही जाती असतात. प्रक्षेपणाच्या मानकाप्रमाणे पांढरा म्हणजे ढगाळ दिवसाच्या उजेडासारखा, मोजमापात सुमारे ६,५०० केल्विन. जपानमध्ये मात्र ९,३०० केल्विनचा पांढरा रूढ होता, तो बराच निळसर. निळसर पांढरा डोळ्याला जास्त स्वच्छ आणि जास्त उजळ वाटतो. दुकानात दोन संच शेजारी ठेवले तर दहांपैकी नऊ गिऱ्हाइकं निळसरालाच पसंती देतात, आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. मामांच्या मस्कतच्या टीव्हीचं चित्र ‘काय झगझगीत’ वाटायचं त्यातला मोठा वाटा या निळसरपणाचा होता.

हे तपासायला जुन्या क्रिकेटच्या टेपसारखं साधन नाही. १९८७ च्या विश्वचषकात खेळाडू पांढऱ्या कपड्यांत खेळले. आपल्या नेहरू स्टेडियमवरही १८ आणि १९ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा सामना झाला, पावसामुळे ३० षटकांचा, आणि ऑस्ट्रेलियाने तो ३ धावांनी जिंकला. त्या काळातल्या कुठल्याही सामन्याची टेप लावा आणि क्षेत्ररक्षकाच्या शर्टाकडे बघा. उन्हातला शर्ट आणि खांद्याखालची सावली, दोन्ही एकाच कापडाची वाटली पाहिजेत. उन्हात शर्ट निळसर आणि सावलीत गुलाबी दिसत असेल तर तीन गनचं प्रमाण उजेडात वेगळं आणि काळोखात वेगळं आहे. हा दोष रंगाच्या बटणाने कधीच जात नाही. आतल्या बाजूला प्रत्येक गनसाठी वेगळ्या खुंट्या असतात, तिथेच तो सुटतो.

काळ्याची गोष्ट याहून सोपी आहे आणि ती कुणी बघत नाही. टीव्ही बंद करा आणि खोलीत दिवा असताना पडद्याकडे बघा. बंद पडदा जेवढा काळा दिसतो, त्याहून जास्त काळं त्या खोलीत, त्या दिव्यात, त्या संचावर काहीही दिसू शकत नाही. फॉस्फर स्वभावाने पांढुरके असतात, म्हणून जुने पडदे बंद असताना राखाडी दिसतात. १९६९ साली झेनिथने फॉस्फरच्या ठिपक्यांमधली मोकळी जागा काळ्या लेपाने भरली, नंतर सगळ्यांनीच ते उचललं. एक संच राखाडी आणि दुसरा गडद असेल तर दिवसा, खिडकी उघडी असताना, गडद पडद्याचं चित्र नेहमीच जास्त दमदार वाटेल. रात्री दिवा घालवून बघितलं तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा दोघांत कुणाचं चित्र चांगलं हे सांगताना कधी, कोणत्या उजेडात, हेही सांगायला हवं.

काही स्वस्त संचांत आणखी एक खोट असते. चित्रातलं काळं कुठे आहे याची खूण सिग्नलबरोबर येते, पण संच ती धरून ठेवत नाही. परिणाम असा की अंधाऱ्या रात्रीचा प्रसंग आला की सगळं चित्र राखाडी होऊन वर येतं आणि रात्र पहाट वाटते. उजेडाच्या प्रसंगात तोच संच झकास दिसतो. म्हणून चाचणीच्या टेपमध्ये एक तरी रात्रीचा प्रसंग हवाच.

लाल, हिरवा, निळा आणि न जमणारा मोरपंखी

आता रंगाचं बटण वर घ्या.

सर्वांत पहिल्या अमेरिकन नळ्यांमधला हिरवा खरोखर खोल आणि शुद्ध होता, पण अंधुक. लाल फॉस्फर तर इतका कमजोर होता की त्याला सांभाळून घेण्यासाठी बाकीच्या दोघांना खाली आणावं लागे. पुढे उजळपणासाठी हिरवा बदलला, तो जास्त प्रखर झाला पण पिवळटपणाकडे झुकला. १९६४ च्या सुमारास युरोपियम हे मूलद्रव्य वापरलेला नवा लाल आला आणि लालची कमजोरी संपली. म्हणजे पुढच्या नळ्या जास्त उजळ झाल्या, पण त्यांना दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका मूळच्यापेक्षा आखूड झाला. तंत्र पुढे गेलं की सगळंच सुधारतं असं समजणाऱ्यांनी या एका गोष्टीकडे जरूर बघावं.

आपल्या घरांतल्या संचांत हेच नंतरचे फॉस्फर आहेत. त्यातला लाल किंचित शेंदरी, हिरवा किंचित पिवळट. त्यामुळे पिंजर जशी दिसते तसं कुंकू दिसतं, आणि खोल मोरपंखी कुठल्याच संचावर खरा दिसत नाही. लग्नाच्या टेपमध्ये मोरपंखी पैठणी कधी निळी, कधी हिरवी, पण मोरपंखी नाहीच, हे अनेकांनी पाहिलं असेल. तीन प्रकाश मिसळून जेवढे रंग होतात त्यांच्या बाहेर तो रंग पडतो. यासाठी एका कंपनीला नावं ठेवू नयेत आणि दुसरीला शाबासकीही देऊ नये. तुलनेसाठी मोरपंखी सोडा आणि माणसाचा चेहरा घ्या. चेहऱ्याचा रंग या संचांच्या आवाक्यात अगदी मध्यभागी येतो, आणि तो चुकला की आपल्या डोळ्याला क्षणात कळतं.

इथे पाल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीचं ऋण मान्य करायला हवं. अमेरिकन एनटीएससीत रंग कोणता हे सिग्नलच्या कलेवर (फेजवर), म्हणजे लहर आपल्या फेऱ्यात कुठल्या टप्प्यावर आहे यावर ठरतं, आणि वाटेत ती कला जरा सरकली की चेहरे हिरवे नाहीतर जांभळे होतात. म्हणून त्या संचांवर रंगछटेचं वेगळं बटण असे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रूख यांनी यावर उपाय शोधला आणि १९६३ च्या सुरुवातीला तो दाखवला. रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक एका रेघेत सुलटा आणि पुढच्या रेघेत उलटा पाठवायचा. वाटेत चूक झाली तर एका रेघेत ती एका बाजूला पडते आणि पुढच्या रेघेत दुसऱ्या बाजूला. दोन रेघांची सरासरी काढली की छटा बरोबर येते, फक्त रंग थोडा फिका होतो. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत पालचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. भारताने पालच घेतली, म्हणून आपल्या संचांवर रंग कमी-जास्त करायचं बटण आहे, छटा फिरवायचं नाही.

सरासरी काढायची तर आधीची रेघ लक्षात ठेवायला हवी. त्यासाठी संचात तीन-चार सेंटिमीटरची चपटी काचेची वडी असते. रंगाच्या सिग्नलचं ध्वनिलहरीत रूपांतर होतं, ती लहर काचेत इकडून तिकडे आपटत सुमारे ६४ मायक्रोसेकंद घालवते, म्हणजे बरोबर एका रेघेएवढा वेळ, आणि पुन्हा विजेत बदलून बाहेर येते. आठवण ठेवायला काचेचा तुकडा! काकांच्या टेबलावर अशी एक सुटी वडी असते, ती हातात घेऊन बघावी. वर्षानुवर्षांनी तिच्या आजूबाजूची जुळवणी ढळली की गडद लाल भागात आडव्या बारीक पट्ट्या दिसतात, एक रेघ गडद, एक फिकी. रंगीत पट्ट्यांच्या चाचणी चित्रात लाल आणि जांभळ्या पट्टीवर तो दोष लगेच पकडता येतो.

महेश्वरी साडीची परीक्षा

बारीक तपशील बघायला मी महेश्वरी साडी सुचवेन. महेश्वर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घराच्या समारंभाच्या टेपमध्ये बारीक रेघांची एखादी महेश्वरी सापडतेच. त्या रेघांवर इंद्रधनुष्य नाचताना दिसतं का बघा. साडीत ते रंग नसतात.

हे होतं कसं ते बघू. पालमध्ये रंगाची माहिती वेगळ्या वाटेने येत नाही. काळ्या-पांढऱ्या तपशिलाच्याच पट्ट्यात, ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास, ती बसवलेली असते. पडद्याच्या रुंदीत ४.४३ मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे २३० रेघांच्या जोड्या. ५१ सेंटिमीटरच्या, म्हणजे २० इंची संचावर एक जोडी साधारण पावणेदोन मिलिमीटरची होते. कॅमेरा ज्या क्षणी अशा अंतरावर असतो की साडीची काळी-पांढरी जोडी पडद्यावर नेमकी तेवढी भरेल, त्या क्षणी संच त्या रेघांनाच रंगाचा सिग्नल समजतो आणि निळे-पिवळे पट्टे उठवतो. कॅमेरा जरा जवळ गेला की ते विरतात. बातम्या देणाऱ्यांना चौकड्यांचे आणि बारीक रेघांचे कपडे टाळायला सांगत ते यामुळेच.

साध्या संचात यावरचा उपाय म्हणजे त्या जागेचा तपशील सरळ कापून टाकणं. इंद्रधनुष्य थोडं कमी होतं, पण साडीची वीणही जाते आणि पदर सपाट दिसतो. महागड्या संचांत नंतर कंगव्याच्या दात्यांसारखी गाळणी आली. ती रेघांची तुलना करून रंग आणि तपशील बरेचसे वेगळे काढते. म्हणून दोन संच शेजारी असतील तर साडीत वीण दिसते का आणि रंग नाचतात का, हे दोन्ही एकदम बघा. एकच बघितलंत तर चुकीच्या संचाला गुण द्याल.

टेप व्हीएचएस असेल तर एक सावधगिरी हवी. व्हीएचएसवर रंगाचा तपशील मुळातच फार थोडा नोंदवला जातो, म्हणून लाल काठ कापडाबाहेर सांडलेला दिसतो. त्यात टेपची कॉपी, कॉपीची कॉपी असेल तर रंग दर वेळी खाली सरकत जातो आणि काठाचा लाल काठाच्या खाली तरंगतो. याला टीव्ही जबाबदार नाही. याच टेपवर ट्रिनिट्रॉनसारखा धारदार संच वाईट दिसतो आणि साधा ५१ सेंटिमीटरचा देशी संच बरा दिसतो. धारदार संच टेपचे दोषही धारदार दाखवतो, एवढंच.

थोडी पटापट बघण्यासारखी लक्षणं. अंधारातून एकदम उजेडाचा प्रसंग आला की चित्र चारी बाजूंनी फुगतं का? फुगत असेल तर उच्च दाबाचा पुरवठा भारासमोर टिकत नाही. बराच वेळ पडद्याचा एकच भाग खूप उजळ राहिला की तिथे रंगाचा डाग येतो का? आतली जाळी तापून फुगली आणि भोकं सरकली. नंतरच्या नळ्यांत यासाठी इन्व्हार या मिश्रधातूची जाळी आली, ती तापली तरी फारशी वाढत नाही. ट्रिनिट्रॉनवर पांढऱ्या चित्रात एक किंवा दोन अगदी बारीक आडव्या रेघा दिसतील. त्या आतल्या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून ताणलेल्या तारांच्या सावल्या आहेत, बिघाड नव्हे.

आज तुलना करताना

जे संच आज आपल्यासमोर आहेत ते तीस-चाळीस वर्षं वापरलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. गनच्या टोकाशी इलेक्ट्रॉन सोडणारा जो थर असतो तो वापराने झिजतो, आणि तिन्ही गन सारख्या झिजत नाहीत. लाल गन थकली की सगळं चित्र हिरवट-निळं होतं. नळी थकली असेल तर चालू केल्यावर चित्र यायला मिनिटं लागतात आणि उजेड वाढवला की पांढरे भाग चंदेरी होऊन पसरतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन संचांत आज जो फरक दिसतो तो कित्येकदा दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असतो. एक संच बघून ‘अमुक कंपनीचं चित्रच असं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

तुलनेआधी दोन्ही संच निदान अर्धा तास चालू ठेवा. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग असेल तर जवळचा स्पीकर किंवा चुंबक बाजूला करा, संच बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या आणि पुन्हा चालू करा. चालू होताना जो ‘धुम्म’ आवाज येतो तो नळीभोवतीच्या वेटोळ्याचा. ते वेटोळं जाळीवरचं चुंबकत्व घालवतं, पण गरम असताना लगेच बंद-चालू केलं तर काम करत नाही. संचाची दिशा बदलली तरी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे रंग किंचित सरकतो, म्हणून दोन्ही संच एकाच दिशेला तोंड करून ठेवा.

सिग्नल दोघांना एकाच यंत्रातून, एकाच मार्गाने द्या. जुन्या अँटेनाच्या पट्टीच्या वायरीवर चित्राशेजारी दिसणारं भूत हे इमारतींवरून परतलेल्या लहरींचं असायचं, आणि ठिपक्यांचा पाऊस दुबळ्या सिग्नलचा. दोन्हींचा दोष टीव्हीच्या माथी मारला जायचा. आज डीव्हीडी प्लेअर घेतला तर एका संचाला पिवळ्या पिनेने आणि दुसऱ्याला अँटेनाच्या भोकातून सिग्नल देऊ नका. पिवळ्या पिनेचा मार्ग नेहमीच जिंकेल. एका संचाला फक्त अँटेनाचं भोक असेल तर दुसऱ्यालाही तिथूनच द्या. बसायचं अंतरही पडद्याच्या प्रमाणात ठेवा. ३६ सेंटिमीटरचा संच आणि ७४ सेंटिमीटरचा संच एकाच खुर्चीवरून पाहिले तर लहान संच उगाचच धारदार ठरतो, कारण त्याच ५७६ रेघा तिथे कमी जागेत बसलेल्या असतात.

मोबाईलने काढलेल्या पडद्याच्या फोटोंवरून निवाडा करू नये. फोन आपल्या मनाने पांढरा दुरुस्त करतो, म्हणजे जो दोष शोधायचा तोच पुसून टाकतो. फोटो काढायचाच असेल तर पांढऱ्याचं मोजमाप दिवसाच्या उजेडावर पक्कं करा, शटर एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर ठेवा म्हणजे पूर्ण चित्र येतं आणि काळे पट्टे येत नाहीत, आणि दोन्ही संच एकाच फोटोत घ्या.

आणि मागचं झाकण स्वतः काढू नका. बंद करून वायर काढलेली असली तरी नळीत उच्च दाबाचा भार बराच वेळ टिकतो. आतल्या खुंट्या पिळायच्या असतील तर ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच बोलवा.

माझं मत विचाराल तर ते सरळ सांगतो. चांगल्या नळीचा ट्रिनिट्रॉन, पांढरा निळसरपणातून नीट ६,५०० केल्विनपर्यंत खाली आणलेला, डीव्हीडीवरच्या चित्रपटासाठी सर्वांत सुंदर. लग्नमुंजीच्या टेपसाठी आणि जुन्या क्रिकेटसाठी नव्वदच्या दशकातला ५१ सेंटिमीटरचा देशी संच, कारण तो टेपच्या खरखरीवर मऊ हात फिरवतो आणि चेहरे खरे ठेवतो. २००० नंतरचे सपाट काचेचे संच मला तितकेसे भावत नाहीत. सपाट काचेवर कोपऱ्यांतल्या सरळ रेघा सरळ ठेवणं अवघड जातं आणि अक्षरांना किनार येते. माळ्यावर एकाच संचाला जागा असेल तर कंपनीचं नाव बघू नका. दोन्ही संचांवर रंग शून्यावर आणा, तीच टेप लावा, आणि ज्याच्यावर उन्हातला आणि सावलीतला शर्ट एकाच कापडाचा दिसेल तो ठेवा.